शिळं पेट्रोल आणि सगुणा

शहाड स्टेशनातून मोहन्याच्या रिक्षात बसलात की कारखान्याची लांबलचक भिंत लागण्याआधी डाव्या हाताला निळ्या पत्र्याचं एक दुकान दिसतं. पाटीवर ‘मारुती इंजिन वर्क्स’. दारातल्या बाकावर मारुती बसलेला असतो. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात पेपर. नवं गिऱ्हाईक साहजिकच त्याच्यापाशी गाऱ्हाणं मांडतं. फवारणीचा पंप सुरू होत नाही, गवत कापायचं मशीन नुसता धूर सोडतं, झाडं कापायच्या करवतीची दोरी ओढून खांदा गेला. मारुती शेवटपर्यंत ऐकून घेतो, एकदोनदा मानही हलवतो, आणि मग अंगठ्याने आत खूण करतो, “मिस्त्री आत आहे.” आत जमिनीवर पाट टाकून, पदर कमरेला खोचून, समोर सुटे भाग मांडून सगुणा बसलेली असते.

मीही पहिल्या दिवशी मारुतीलाच सगळं सांगितलं होतं. तेव्हा दुसऱ्यांना हसण्यात अर्थ नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत गवत कापायचं एक मशीन आहे, टू-स्ट्रोक, पाठीला अडकवायचं. पाऊस संपला की ते मीटरच्या खोलीत जातं आणि जूनमध्ये बाहेर येतं. त्या जूनमध्ये ते बाहेर आलं आणि हू का चू करेना. जवळच्या दोन दुकानदारांनी कार्बोरेटर नवा घाला म्हणून सांगितलं. न उघडताच सांगितलं, म्हणून माझा विश्वास बसला नाही. कोणीतरी शहाडचं नाव काढलं. मी मशीन रिक्षात घातलं आणि गेले.

सगुणाने लगेच मशीन खोललं नाही. टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि मला विचारलं, “हे कधीचं?”

“तीन वर्षं झाली घेऊन.”

“मशीन नाय हो बाई. पेट्रोल.”

मला सांगता येईना. दिवाळीच्या आधीचं असेल, म्हटलं.

“आणि दिवाळीच्या आधीचं घरात काय काय खाता?”

एकतीस वर्षं मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. पेट्रोल उघड्यावर उडून जातं, हवेतल्या प्राणवायूने बिघडतं, चिकट होतं, हे सगळं मला ठाऊक होतं. फळ्यावर लिहिलंही असेल. पण ते आपल्या मीटरच्या खोलीतही होत असतं हे डोक्यात आलं नव्हतं. तिने टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून नाकाशी धरलं. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. कार्बोरेटर उघडून आतली पितळेची बारीक तोटी, जिला जेट म्हणतात, ती उजेडाकडे धरून दाखवली. भोक बुजलेलं, पिवळट डिंकाने. अर्ध्या तासात साफ करून तिने मशीन चालू करून दिलं. नवीन काहीही घातलं नाही. वर मला दम भरला, की पाऊस संपला की टाकी रिकामी करायची, आणि मग उरलंसुरलं संपून मशीन आपणहून बंद पडेपर्यंत चालवायचं, त्याशिवाय ते खोलीत ठेवायचं नाही. तेव्हापासून मी दर ऑक्टोबरात माळ्याच्या डोक्यावर उभी राहून हे करून घेते. मशीन पुन्हा बिघडलेलं नाही. पण काही ना काही निमित्त काढून शहाडला जाणं मात्र चालू राहिलं, कारण एखादं काम इतकं नीट करणारं माणूस फार वेळा बघायला मिळत नाही.

सगुणा दापोलीकडची. खाडीकाठचं गाव, आणि बापाची तर. तर म्हणजे या काठाची माणसं त्या काठाला पोचवणारी होडी. आधी वल्ह्याची होती, मग बापाने मागे छोटं इंजिन लावलं. अकराव्या वर्षी सगुणा त्या इंजिनाची दोरी ओढत होती. भाऊ दोन होते, पण एकाला बोट लागायची आणि दुसऱ्याला अभ्यास आवडायचा. पावसाळ्यात तर बंद. तेव्हा बाप इंजिन उचलून घरी आणायचा, थेंब न् थेंब काढून टाकायचा, प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडायचा आणि पोत्यात गुंडाळून आढ्याला टांगायचा. इंजिन खाली उतरेपर्यंत बाप नीट जेवत नसे, असं सगुणा सांगते. हे बहुधा खोटं असावं, पण ती सांगते.

लग्न होऊन मोहन्यात आली. मारुती कारखान्याच्या ऑफिसात कारकून. कारखाना बंद पडल्यावर त्याने एका मित्राबरोबर दुरुस्तीचं दुकान टाकलं. मित्राला काम येत होतं, मारुतीला माणसं सांभाळता येत होती. सहा महिन्यांत मित्र गुजरातेत निघून गेला आणि दुकानात सतरा मशीनं उघडी पडली. मारुती स्वतःच सांगतो, “मला प्लग कुठला आणि जेट कुठलं तेही कळत नव्हतं. ही जेवणाचा डबा घेऊन आली, म्हणाली सरका.” तो सरकला आणि बाकावर बसला. पाटीवर तुझं नाव का नाही, असं मी एकदा सगुणाला विचारलं. तिला प्रश्नच पटला नाही. लोक पाटी वाचायला येत नाहीत, म्हणाली.

आता तिच्या मुख्य गोष्टीकडे येते.

गेल्या काही वर्षांत तिच्या लक्षात आलं, की मशीनं आधीपेक्षा लवकर बिघडून येतायत. बापाच्या वेळी विसरून राहिलेलं पेट्रोल एखादा पावसाळा कसाबसा काढायचं. आता दोन-तीन महिन्यांत जेट बुजतं, रबराच्या नळ्या फुगतात, आणि कधी कधी टाकीच्या तळाशी गढूळ काहीतरी साचतं. कोणी म्हणालं पंपावर भेसळ असते. सगुणाने ते ऐकून घेतलं आणि स्वतःच बघायचं ठरवलं. फळीवर सात बाटल्या मांडल्या. एक काठोकाठ भरून घट्ट बंद केलेली, एक अर्धी भरून बंद केलेली, एक झाकण सैल ठेवलेली, एक उन्हात, एक सावलीत, एक तेल मिसळलेली, एक बिनतेलाची. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने तारीख. दर रविवारी बघायचं, आणि काय दिसलं ते मारुतीने वहीत उतरायचं, कारण तिचं अक्षर तिलाच लागत नाही. प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला एम.एस्सी.च्या पोरांना ओरडून सांगावं लागायचं. हिला कोणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात सैल झाकणाच्या बाटलीत थर पडला. वर पेट्रोल, खाली गढूळ पाणी. तिने मला फोन करून बोलावून घेतलं आणि कारण विचारलं. मी सांगितलं, की आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. ते एक प्रकारचं स्पिरिट आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. फार ओलावा झाला की ते पाण्यासकट तळाला बसतं.

“म्हणजे पेट्रोल पाणी पितं,” सगुणा म्हणाली. “एवढंच ना?”

एवढंच. मी त्यावर तासभर बोलले असते.

तेव्हापासून तिचे नियम कायमचे झाले. या इंजिनांना वंगण म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं, ते मिश्रण महिन्यात संपेल एवढंच करायचं. पत्र्याच्या डब्यात, काठोकाठ, वर हवेला जागा नको. झाकण घट्ट, डबा सावलीत, जमिनीवर न टेकता लाकडी फळीवर, घरापासून आणि चुलीपासून लांब. नरसाळं कोरडं. डब्यावर तारीख आणि तेलाचं माप, कारण करवतीचं माप वेगळं आणि होडीचं वेगळं. तीस दिवस झाले की डब्यावर लाल फुली. फुलीचा डबा कोणी कितीही गळ घातली तरी इंजिनात जात नाही.

लोक चेष्टा करतात. सुदेश म्हणून झाडं छाटणारा एक आहे, त्याच्या दोन करवती. तो सगळ्यांना सांगत सुटायचा, की सगुणाताईंच्या दुकानात पेट्रोल दुधाच्या पिशवीसारखं तारीख बघून घ्यावं लागतं. स्वतः मात्र मिश्रण थंड पेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून स्कूटरला लटकवून फिरायचा. एकदा दुकानात आला तेव्हा सगुणाने ती बाटली काढून पायरीवर उन्हात ठेवली आणि त्याला चहा पाजला. चहा संपेस्तोवर बाटली पोट फुगलेल्या बेडकासारखी झाली. ती त्याला म्हणाली, ही बाटली मांडीला लावून हिंडतोस ना, मग तुझ्या बायकोचा नंबर दे, मारुतींकडे लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी सुदेश पत्र्याचा डबा घेऊन आला.

तिचं सगळ्यात मोठं भांडण मात्र दसऱ्याशी. आपल्याकडे खंडेनवमीला, दसऱ्याला हत्यारं आणि यंत्रं पुजतात. मशीन धुवायचं, पुसायचं, झेंडू वाहायचा, आणि टाकी भरायची. रिकाम्या टाकीची पूजा म्हणजे अपशकुन. बरं, दसरा येतो पाऊस संपता संपता, म्हणजे मशीनं सहा-आठ महिने बंद होणार तेव्हाच. भरल्या टाकीनिशी, हार घालून, ती कोपऱ्यात जातात आणि उन्हाळ्याच्या शेवटी सगुणाकडे येतात. तिच्या स्वतःच्या दुकानात दसऱ्याला प्रत्येक मशीनला हार असतो आणि टाकी कोरडी ठणठणीत. त्यावरून शेजारपाजारचे बोलतात. तिला फरक पडत नाही.

मोहन्याच्या घाटावर एक होडी आहे. फायबरची, लहान, मागे टू-स्ट्रोक इंजिन. गणपती विसर्जनाला आणि पुराला उपयोगी पडते. घाटाच्या मंडळाने ती सरकारकडून मिळवली, घाटावरच्या देवळामागे शेड बांधून ठेवली, आणि इंजिनाची काळजी सुरुवातीपासून सगुणाकडे. तीन वर्षांपूर्वी उल्हास नदी चढली तेव्हा काठच्या चाळींतून त्या होडीने एकोणीस माणसं बाहेर काढली. त्यात सगुणाची सासू होती, खाटेसकट.

मंडळाचे अध्यक्ष भाऊ. सत्तरी ओलांडलेले, कारखान्यात फोरमन होते. घाट झाडण्यापासून निर्माल्य गोळा करण्यापर्यंत सगळ्यात पुढे. माणूस सोन्यासारखा. त्यांचा दोष एकच. त्यांना काही रिकामं बघवत नाही, मग ती पाहुण्याची वाटी असो, देवाचा कलश असो की इंजिनाची टाकी.

गेल्या मे महिन्यात सरकारी निरोप आला, की नदीवर जवळजवळच्या दोन घाटांवर दोन होड्या आहेत, त्यातली एक खाडीकडच्या वस्तीसाठी हलवायची आहे. ठाण्याहून अधिकारी येऊन दोन्ही बघतील. जी तयार असेल ती जागेवर राहील. ज्या दिवशी अधिकारीबाई यायच्या होत्या, त्या दिवशी मी पावसाआधी नुसतं तपासायला दिलेलं सोसायटीचं मशीन आणायला दुकानात गेले होते. सगुणा निघायच्या तयारीत होती. हातात मिश्रणाचा डबा, दोन दिवसांपूर्वीच्या तारखेचा. मला म्हणाली, चला, पाच मिनिटांचं काम आहे, इंजिन लावून दाखवते आणि येऊ. गणपतीनंतर तिने टाकी स्वतः रिकामी केली होती, इंजिन कोरडं करून ठेवलं होतं. त्यामुळे ती अगदी निर्धास्त होती.

आम्ही नऊला पोचलो. अधिकारी अकराला यायच्या होत्या. होडी पाण्यात सोडून घाटाला बांधलेली, इंजिन मागे लावलेलं. भाऊ पांढऱ्या टोपीत, मंडळाचे सात-आठ जण कडेला. सगुणाने होडीत ठेवलेली लाल टाकी उचलायला हात घातला आणि तशीच थांबली.

“भाऊ, ही जड कशी?”

“भरलेली आहे म्हणून जड.”

“मी रिकामी ठेवली होती.”

“दसऱ्याला रिकाम्या टाकीची पूजा करायची का, वहिनी?” भाऊ मारुतीचे जुने सहकारी, म्हणून ती वहिनी. “गावाला होतात तुम्ही. मी स्वतः दहा लिटर भरलं. तेल मोजून, पन्नासाला एक, तुम्ही सांगता तस्संच.”

“साडेसात महिने झाले त्याला.”

“मग? तुम्हीच सांगता ना, गळ्यापर्यंत भरा, वर हवा नको. गळ्यापर्यंत भरली.”

सगुणाचाच नियम असा तिच्या अंगावर आला. पण तो नियम डब्याचा. डबा घट्ट बंद होतो. होडीच्या टाकीच्या झाकणावर हवा आत जायला एक स्क्रू असतो, आणि तो साडेसात महिने उघडाच होता. शिवाय पूजेच्या वेळी टाकी भरलेली सगळ्यांना दिसावी म्हणून झाकणही काढून ठेवलं होतं, आणि गुरुजींनी आंब्याच्या पानाने कलशातलं पाणी सगळ्या होडीवर शिंपडलं होतं. हे भाऊंनी अभिमानानेच सांगितलं. मग आवाज जरा खाली आणून आणखी एक सांगितलं. सकाळी सातला त्यांनी मंडळाच्या दोघांकडून दोरी ओढवून बघितली होती. इंजिन चालू झालं, अर्धं मिनिट चाललं, आणि बंद पडलं. नंतर चाळीस वेळा ओढूनही नाही.

म्हणजे टाकीतलं आता इंजिनाच्या पोटात गेलं होतं.

सगुणाने नळी घालून टाकीच्या अगदी तळातलं काचेच्या बाटलीत काढलं. वर तेलाने हिरवट झालेलं पेट्रोल होतं, आणि खाली चार बोटं, तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. बाटली कठड्यावर ठेवून ती भाऊंकडे बघत राहिली. भाऊंनी बाटलीकडे बघितलं. त्यांना कळलं. फोरमन होते, न कळायला काय झालं. पण घड्याळही दिसत होतं. त्यांनी तिला विनवलं, की हे ओतून टाका, तुमचं ताजं भरा, आम्ही दोघं-तिघं मिळून ओढतो, लागेल कसंही. आणि काही झालं तरी बाई येतील तेव्हा इंजिन उघडलेलं दिसता कामा नये.

“आजचं निभावून न्या,” ते म्हणाले. “होडी राहिली की मग महिनाभर बसा उघडून.”

“खालच्या थरात तेल नाय, भाऊ. ते आत आहे. आज जोरात पळवलं आणि पिस्टन आत चिकटून बसला, तर महिनाभर उघडून बसायला इंजिनच नाय राहणार.”

“आणि त्या येईपर्यंत झालं नाही तर?”

“तर होडी जाईल,” सगुणा म्हणाली आणि घाटाच्या पायरीवर बसली.

तिचं घर तिथून दोनशे पावलांवर आहे. सासू अजून त्याच घरात, त्याच खाटेवर. होडी जाणं म्हणजे काय ते तिथल्या कोणाहीपेक्षा तिला जास्त कळत होतं. म्हणूनच, निव्वळ दिसायला चालू असलेली होडी तिला नको होती.

देवळातून परात मागवली. ती मी धरली. आधी प्लग काढून वाळत घातला. मग तळाची नळी, मधला पेट्रोल ओढायचा रबरी गोळा, गाळणी. मग कार्बोरेटर. एकेक स्क्रू ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने परातीत कडेकडेने. मंडळातले काही जण मागे कुजबुजत होते, की बाईमाणसाच्या हातात दिलं की असंच व्हायचं. सगुणाने मान न वळवता त्यांतल्या एकाला नाव घेऊन हाक मारली, त्याचा फवारणीचा पंप दुकानात आलेला आहे तो परत नेतोस का म्हणून विचारलं.

साडेदहालाच गाडी आली. अर्धा तास आधी. अधिकारी देवयानी नावाच्या, पस्तिशीच्या, पायात बूट, काखेत फाइल. सरळ भाऊंकडे गेल्या आणि होडी तयार आहे का म्हणून विचारलं. भाऊंनी सगुणाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. कार्बोरेटर परातीत सुटा पडलेला.

“नाही,” सगुणा म्हणाली. “आत्ता नाही.”

देवयानीबाई पायऱ्या उतरून आल्या. सगुणाने कोपराने बाटली दाखवली, की टाकीत शिळं पेट्रोल होतं, खाली बसलंय त्यात तेल नाही, इंजिन त्यावर कोरडं फिरेल. हे कोणी ठेवलं, त्यांनी विचारलं. सगुणा म्हणाली, की इंजिन माझ्याकडे असतं. तेवढ्यात भाऊंनी टोपी काढली.

“मी भरलं. दसऱ्याला. वहिनींना विचारलं नाही.”

देवयानीबाईंनी फाइल उघडली. त्यांना पुढच्या घाटावर जायचं होतं, वेळ ठरलेली होती. समोर जे दिसतंय तेच मला लिहावं लागेल, म्हणाल्या. वाईट बोलल्या नाहीत, पण लिहायला लागल्या.

“लिहा,” सगुणा म्हणाली. “पण चाळीस मिनिटांनी परत लिहा.”

मला वाटलं, आता ही बाई गाडीत बसून जाईल. मी असते तर कदाचित गेले असते. त्या वरच्या पायरीवर बसल्या. फोन करून दुसऱ्या घाटाला उशीर होईल म्हणून कळवलं. मग विचारलं, की नुसतं पेट्रोल बदलून चाललं नसतं का? सगुणा जेटमध्ये फुंकर मारत होती. ती म्हणाली, कदाचित चाललं असतं, घाटापासून मधल्या धारेपर्यंत. धारेत बंद पडण्यापेक्षा घाटावर बंद असलेली होडी बरी, निदान तिच्यात कोणी बसत नाही.

जेट उजेडाकडे धरलं, भोकातून आभाळ दिसलं, मग पुढचं काम. गोळा आणि नळी ताज्या मिश्रणाने दोनदा धुतली. जुनं सगळं लाल फुलीच्या डब्यात, एक थेंब नदीत नाही. पायरीवर ओघळलं तेही फडक्याने पुसून घेतलं. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल, मग परातीतलं सगळं उलट्या क्रमाने जागेवर. टाकी कोरड्या कापडाने आतून पुसून तिच्या डब्यातलं भरलं आणि मग ती होडीत उतरली.

पहिल्या ओढीला काहीच नाही. दुसरीला इंजिन खोकलं. तिसरीला पुन्हा काही नाही. मागून कोणीतरी सुस्कारा टाकला. सगुणाने दोरी सोडली, कमरेवर हात ठेवून थोडी थांबली, चोक अर्धा आत ढकलला आणि चौथ्यांदा ओढली. पांढऱ्या धुराचा लोट निघाला, आणि मग तो एकसारखा आवाज. भाऊंनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

तिने लगेच कोणाला होडीत घेतलं नाही. पाच मिनिटं बांधलेल्या होडीतच चालवून कान देऊन ऐकत राहिली. मग देवयानीबाईंना जॅकेट घालायला लावलं आणि पलीकडच्या काठाला जाऊन आणलं. घाटाला परत लागली तेव्हा एकेचाळीस मिनिटं झाली होती. फाइलमध्ये काय लिहिलं ते मी सरळ वाकून वाचलं. दहा पस्तीस, तयार नाही. अकरा सोळा, तयार. दोन्ही ओळी तशाच ठेवल्या होत्या.

नऊ दिवसांनी पत्र आलं. होडी मोहन्यातच राहणार. भाऊंनी फोन करून विचारलं तेव्हा देवयानीबाईंनी कारण सांगितलं. दुसऱ्या घाटावरचं इंजिन पहिल्याच ओढीला चालू झालं होतं. पण टाकीतलं पेट्रोल कधीचं, असं त्यांनी तिथे विचारलं, आणि पाच माणसांनी पाच उत्तरं दिली. पत्रात एक अट होती, की इंजिन आणि इंधन एकाच व्यक्तीच्या नावे असावं. मंडळाच्या बैठकीत दोन-तीन नावं निघाली, सगळी पुरुषांची. भाऊंनी ती ऐकून घेतली आणि कागदावर सगुणाचं नाव घातलं. सगुणाने सही करण्याआधी शेडचं कुलूप बदलायला लावलं. किल्ली एकच, ती तिच्याकडे. होडीला हार घालायचा असेल तर दुकानात येऊन किल्ली मागायची. भाऊंनी तेही मान्य केलं.

जुलैत आठवडाभर धो धो कोसळलं. नदी घाटाच्या पाचव्या पायरीपर्यंत आली. सगुणा रोज सकाळी सहाला छत्री घेऊन घाटावर जायची, होडी बांधलेली ठेवून इंजिन पाच मिनिटं चालवायची, टाकीच्या झाकणावरचा स्क्रू पुन्हा घट्ट करायची आणि दुकानात जायची. वरच्या धरणाच्या बातम्यांवर मारुतीचं लक्ष. सासूच्या खाटेखाली कपड्यांची पिशवी बांधून ठेवलेली. पाणी पाचव्या पायरीवर दोन दिवस थांबलं आणि उतरलं. कोणाला उचलावं लागलं नाही.

त्या महिन्याच्या शेवटी मी गेले तेव्हा ती होडीच्या टाकीतलं मिश्रण काढत होती. जवळजवळ सगळं शिल्लक होतं. तिसावा दिवस होता. पायरीवर बसलेले भाऊ हळहळले, एवढं चांगलं पेट्रोल, थेंबसुद्धा कामाला आलं नाही, अजून आठ दिवस तरी चाललं असतं.

“कामाला नाय आलं तेच बरं झालं,” सगुणा म्हणाली. “नरसाळं धरा नीट. कोरडं आहे ना?”

भाऊंनी धोतराच्या सोग्याने नरसाळं आतून पुसलं, उजेडाकडे धरून बघितलं, आणि मग नव्या तारखेच्या डब्यातलं मिश्रण टाकीत पडू लागलं.